गच्ची सगळ्यांची, ओल कोणाची?

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर एक छोटा विधी होतो. वॉचमन मामा, प्लंबर आणि समितीतला जो कोणी त्या दिवशी घरी सापडेल तो, असे तिघं पावसाळी पाइपांची तोंडं उघडतात. जाळी उचकटली की वर्षभराचा ऐवज बाहेर येतो. दिवाळीतल्या रॉकेटच्या काड्या, संक्रांतीचा मांजा, रंगपंचमीचा वाळून दगड झालेला चिखल, कबुतरांची पिसं, वाळवणातल्या कुरडयांचा चुरा, कुणाचा तरी टेनिसचा चेंडू. दोन वर्षांपूर्वी एका पाइपातून अख्खा पायमोजा निघाला. कोणाचा ते कोणीच कबूल केलं नाही. प्लंबरने तो कोपऱ्यात भिरकावला नि म्हणाला, "सोसायटीचा असेल."

तेव्हापासून आमच्या समितीत हे वाक्य रूढ झालंय. जिन्यातला बंद पडलेला दिवा सोसायटीचा असेल, कंपाउंडबाहेर झुकलेली गुलमोहराची फांदी सोसायटीची असेल, भिंतीच्या भेगेतून डोकावणारं पिंपळाचं रोप तर नक्कीच सोसायटीचं असेल. आमची इमारत ठाण्यातली, १९८९ सालची, चार मजली, २८ सदनिकांची. एक मुदत मी सेक्रेटरी होतो. त्या काळात हक्काच्या घरापेक्षा त्या घराबाहेरच्या सामाईक जागेनेच माझी जास्त झोप खाल्ली.

महाराष्ट्रात अशा सहकारी गृहनिर्माण संस्था लाखाहून अधिक आहेत. त्यांच्यासाठी कायदा आहे, छापील उपविधी आहेत, उपनिबंधकाचं कार्यालय आहे. तरीही जून उजाडला की शहरभर निळ्या ताडपत्र्या फडफडायला लागतात. दोष पैशाच्या टंचाईला दिला जातो, नाहीतर माणसांच्या वृत्तीला. दोन्हींत तथ्य आहे, पण माझ्या मते खरी गोम वेळापत्रकात आहे. सोसायटीचं वर्ष आणि पावसाचं वर्ष एकमेकांना कधी भेटतच नाही.

हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, आणि मुदत ३० सप्टेंबर असली की सभा सप्टेंबरच्या शेवटच्या दोन रविवारांपैकी एखाद्या रविवारीच होते. त्या वेळी छतं ओली असतात. चौथ्या मजल्यावरची मंडळी मोबाइलमधले फोटो घेऊन येतात, पोपडे सुटलेल्या भिंतींचे, बादल्यांचे, फुगलेल्या कपाटांचे. आवाज चढतात. 'या वर्षी काही झालं तरी गच्ची करायचीच' असा ठराव एकमताने मंजूर होतो आणि चहा-बटाटेवडा होऊन सभा संपते.

मग ऑक्टोबरचं ऊन पडतं. छत वाळतं, पिवळट डाग तेवढा उरतो. दिवाळीत कोणी घरोघर जाऊन वर्गणी मागत नाही. डिसेंबरात निम्मी समिती लग्नकार्यात असते. कोटेशनं जानेवारीत मागवली जातात, तीन येतात, तिघांच्या कामाचं वर्णन तीन तऱ्हेचं, त्यामुळे तुलनाच होत नाही. मार्चमध्ये कोणीतरी विचारतो की इतकी घाई कशाला. एप्रिलअखेर ठेकेदार ठरतो, तोवर त्याने आणखी पाच इमारती घेतलेल्या असतात आणि त्याचे मजूर गावी जायच्या बेतात. मेच्या दुसऱ्या आठवड्यात जुना कोबा फोडायला सुरुवात. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून धरतात. २०२५ साली तो २६ मेलाच दाखल झाला. त्या आठवड्यात ज्यांच्या गच्च्या फोडून ठेवलेल्या होत्या त्यांना विचारा.

कामाच्या दृष्टीनेही मे हा वाईटच महिना. विटांच्या तुकड्यांचा कोबा घालायचा, कठड्याच्या पायथ्याशी वाटा मारायच्या, वरून सिमेंटचा गिलावा द्यायचा, म्हणजे त्याला दिवसचे दिवस पाणी पाजावं लागतं. मेच्या उन्हात गच्ची अशी तापते की सकाळचं पाणी दुपारपर्यंत टिकत नाही आणि गिलाव्याला केसासारख्या भेगा पडतात. त्यानंतर पाइपांची तोंडं बुजवून गच्चीवर पाणी साठवून ठेवायचं आणि खाली ओल येते का ते दोन-तीन दिवस पाहायचं, ही खरी परीक्षा. घाईत नेमकी तीच गाळली जाते. "आता पाऊस येतोच आहे, तोच टेस्ट घेईल," असं आमच्या एका ठेकेदाराने मला तोंडावर सांगितलं होतं. घेतली त्याने.

हेच काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत निम्म्या त्रासात होतं. भिंती वाळलेल्या, हवा थंड, मजूर हजर, ठेकेदार मोकळा. पण नोव्हेंबरात छत कोरडं असतं, आणि कोरड्या छतासाठी पैसे मागायला गेलं की माणसं संशयाने बघतात.

हे दुखणं समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. मुंबईत मध्यमवर्ग भाड्याने राहत होता तोवर डागडुजी ही मालकाची गोष्ट होती. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठली. भाडं वाढत नाही म्हटल्यावर मालकांनी खर्चातून अंग काढून घेतलं आणि चाळी हळूहळू खंगत गेल्या. शेवटी १९६९ मध्ये कायदा करून शहर भागातल्या जुन्या इमारतींवर उपकर बसवला आणि दुरुस्तीसाठी मंडळ नेमलं. १९,६४२ इमारती त्याच्या पदरात आल्या. आज ते मंडळ म्हाडाचा भाग आहे आणि दर उन्हाळ्यात मान्सूनपूर्व पाहणी करून अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं. त्या यादीत नाव आलं तरी घर न सोडणारी माणसंही दर वर्षी असतात, कारण संक्रमण शिबिरात गेलेला माणूस परत कधी येतो हे त्यांनी शेजारच्यांकडून पाहिलेलं असतं.

दुसरा प्रवाह सहकाराचा. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. देशातल्या या चळवळीच्या अगदी सुरुवातीच्या संस्थांत तिला मोजतात. पुढे १९६०चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आला, १९६३चा मालकी हक्काच्या सदनिकांचा 'मोफा' आला, २०१४चे आदर्श उपविधी आले आणि २०१९ मध्ये मूळ कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरणच घातलं गेलं. कागदावर भाडेकरूचा मालक झाला. मनातून मात्र त्याला अजून एक मालक हवाच असतो, आणि ती जागा सेक्रेटरी भरून काढतो. माझ्या मुदतीत रात्री साडेअकराला फोन आलाय, "अहो साहेब, आमच्या नळाला पाणी बारीक येतंय." त्या गृहस्थांचा समज असा की मी वर बसून कॉक फिरवतो.

वास्तविक कोणतं काम कोणाचं हे उपविधींत बरंच स्पष्ट लिहिलेलं आहे. आतले रस्ते, कंपाउंडची भिंत, बाहेरून जाणारे पाण्याचे नि सांडपाण्याचे पाइप, पंप, टाक्या, जिने, लिफ्ट, गच्ची आणि तिचा कठडा, बाहेरच्या भिंती, छतांची संरचनात्मक दुरुस्ती, हे सगळं सोसायटीने आपल्या खर्चाने करायचं. पावसाने होणारी गळतीही सोसायटीचीच. गच्ची गळून सगळ्यात वरच्या मजल्याच्या छताचं प्लास्टर पडलं तर तेही सोसायटीनेच करून द्यायचं. उरलेलं सभासदाचं, आणि संडास, मोरी, सिंक यांतून खाली झिरपत असेल तर ते ज्याच्या घरातून झिरपतं त्याचं.

एवढं स्पष्ट असताना भांडण कशाचं? भांडण असतं 'झिरपतं कुठून' याचं. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या न्हाणीघराच्या छतातून थेंब पडत होते. मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. काकांनी मला हात धरून आत नेलं, फरशी दाखवली, चप्पल काढून फरशीवर उभे राहिले नि म्हणाले, "बघा, आमच्याकडे कोरडं ठणठणीत आहे." त्यांच्याकडे कोरडंच असणार, पाणी खाली जात होतं. बाहेरचा पाइप फुटलाय हे त्यांचं म्हणणं, वरच्यांची नहाणी गेलीय हे वहिनींचं. तीन महिने मी दोघांची पत्रं फायलीला लावली. शेवटी प्लंबरने वरच्या नहाणीत नीळ कालवून ओतली आणि आम्ही चौघं खाली स्टुलावर चढून छताकडे टक लावून बसलो. चाळीस मिनिटांनी निळा थेंब पडला. काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी फरशी फोडायला घेतली आणि पुढे वर्षभर माझ्याशीही बोलले नाहीत.

चौथ्या मजल्याचं दुखणं याहून अवघड. गच्चीवर हक्क सगळ्यांचा: कोजागिरीला दूध सगळ्यांचं, पतंग सगळ्यांचे, वाळवणं सगळ्यांची. ओल मात्र चारच घरांना. आणि सभेत मतं २८. तळमजल्याचा माणूस उघड 'माझा काय संबंध' म्हणत नाही, तो म्हणतो, "आधी कंपाउंडला रंग लावू, बाहेरून इमारत कशी दिसते ते बघा." रंगाला बहुमत पटकन मिळतं. ओल्या भिंतीवर लावलेला रंग दोन पावसांत पापुद्र्यांनी उतरतो, मग पुन्हा रंगाचा ठराव येतो.

पैशाच्या वाटणीचे नियमही अजब वाटतात, पण प्रत्येकामागे काही विचार आहे. वॉचमन, सफाई, जिन्यातली वीज, कार्यालयीन खर्च असा सेवा आकार सगळ्यांना सारखा, सदनिका लहान असो की मोठी, कारण वॉचमन मोठ्या घराची जास्त राखण करत नाही. लिफ्टचा खर्चही सारखा, तळमजल्यालासुद्धा, आणि यावर वाद झाला नाही अशी सोसायटी मी पाहिलेली नाही. पाणीपट्टी नळांच्या जोडण्यांवर. घर भाड्याने दिलं तर बिनभोगवटा शुल्क, तेही सेवा आकाराच्या दहा टक्क्यांपर्यंतच. थकबाकीवर व्याज जास्तीत जास्त वर्षाला २१ टक्के, सरळव्याजाने. ज्या इमारती सोसायटीऐवजी १९७०च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहेत, पुण्यात अशा पुष्कळ, तिथे हिशेब निराळा. तिथे सामाईक खर्च ज्याच्या त्याच्या अविभक्त हिश्शाच्या प्रमाणात वाटला जातो, म्हणजे मोठ्या सदनिकेला जास्त. एकाच गल्लीत समोरासमोर दोन इमारती आणि दोन न्याय, असं चित्र त्यामुळे दिसतं.

पण मला खरा घोटाळा वाटतो तो दुरुस्ती निधीत. उपविधी म्हणतात, दुरुस्ती आणि देखभालीसाठी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के घ्या, आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के. ऐकायला ठीक. आता समजा १९८९ साली एका सदनिकेचा बांधकाम खर्च दोन लाख होता. म्हणजे दुरुस्तीसाठी वर्षाला दीड हजार, महिन्याला सव्वाशे रुपये. सिंकिंग फंड वर्षाला पाचशे. अशा २८ घरांचे सिंकिंग फंडाचे वर्षाला १४ हजार, ३५ वर्षांचे, व्याज सोडून, ४ लाख ९० हजार. एवढ्यात आज चार मजली इमारतीला बाहेरून परांची बांधून ती वर्षभर उभी ठेवणंही जमेल की नाही कोण जाणे. टक्केवारी जुन्या किमतीला बांधलेली, सिमेंट नि मजुरी आजच्या किमतीची. उपविधीतला शब्द 'किमान' आहे. त्याहून जास्त घ्यायला सर्वसाधारण सभेला कोणी अडवलेलं नाही. पण बहुतेक सोसायट्यांनी किमान हेच कमाल धरलं, आणि "आमचा मेंटेनन्स आजूबाजूला सगळ्यात कमी आहे" हे सांगणारी समिती पुन्हा निवडून येते. मीही एकदा तसाच निवडून आलो होतो.

त्यात पुनर्विकासाची भर पडली. इमारत तिशीत आली की बिल्डरांची माणसं चक्कर मारू लागतात. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने पुनर्विकासासाठी लागणारी संमती ७५ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर आणली, आणि तेव्हापासून प्रत्येक दुरुस्तीला एकच उत्तर असतं, "पाडायचीच आहे तर खर्च कशाला?" आमच्या मागच्या गल्लीतली एक इमारत हे उत्तर आठ वर्षं देत होती. बिल्डर बदलले, वकील बदलले, बाल्कनीच्या स्लॅबमधून सळया दिसायला लागल्या. सळई गंजली की फुगते, फुगली की भोवतालचं काँक्रीट आतून फोडून काढते. खाली पडणारा प्लास्टरचा तुकडा हा त्या फुगण्याचा शेवटचा टप्पा असतो, पहिला नव्हे. नुसतं वरून सिमेंट थापणारा ठेकेदार तो तुकडा पुन्हा चिकटवून देतो, तेवढंच.

संरचनात्मक तपासणीचे, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिटचे, नियम यासाठीच आहेत. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा, ३०च्या पुढे गेली की तीन वर्षांतून एकदा. महापालिकांचे कायदेही तीस वर्षांपुढच्या इमारतींना तपासणी बंधनकारक करतात आणि मुंबईत अहवालानुसार इमारतीला सी-१ पासून सी-३ पर्यंत वर्ग मिळतो. सी-१ म्हणजे रिकामी करा, पाडा. ऑडिटचा अहवाल बहुतेक ठिकाणी कपाटात जातो, कारण तो वाचला की खर्च करावा लागतो. आणि ऑडिट होऊनही एक धोका राहतोच, सभासदाने घरात केलेले बदल. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरमध्ये चार मजली इमारत कोसळून १७ जण गेले. तळमजल्यावर चाललेल्या नूतनीकरणात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. स्वयंपाकघर मोठं करायला भिंत काढणारा माणूस सोसायटीकडे फक्त पाणी नि लिफ्ट वापरायची परवानगी मागतो. खांब आपला की सगळ्यांचा, हा प्रश्न त्याच्या डोक्यातच येत नाही.

याच गोष्टीचं दुसरं रूप अमेरिकेत पाहायला मिळतं. आमच्या तिसऱ्या मजल्याचा एक सभासद न्यू जर्सीत राहतो आणि तिथल्या त्याच्या 'होमओनर्स असोसिएशन'च्या कथा व्हॉट्सअॅपवर लिहितो. गवत किती वाढू द्यायचं, कचऱ्याचा डबा कधी आत घ्यायचा, बर्फ पडलं की कोणी उपसायचं, सगळं लिहून ठेवलेलं आणि चुकलं की दंड. ते वाचून आमच्याकडे हळहळ व्हायची की शिस्त असावी तर अशी. मग २४ जून २०२१ च्या रात्री फ्लोरिडातल्या सर्फसाइड गावात समुद्रकाठची १२ मजली इमारत अर्धी खाली आली. ९८ माणसं मेली. १९८१ची इमारत. तळमजल्यावरच्या मोकळ्या आवाराचं जलरोधन नीट नाही आणि त्याने खालच्या काँक्रीटचं नुकसान होतंय, असं अभियंत्याने २०१८ मध्येच लेखी कळवलं होतं. दुरुस्तीचा आकडा दीड कोटी डॉलरपर्यंत गेला, तेवढा राखीव निधी नव्हता, वाटणीवरून सभासदांत वाद, पदाधिकाऱ्यांचे राजीनामे, पुढची सभा. वाचताना मला तिथल्या सभेचा चहासुद्धा डोळ्यांपुढे आला. पुढच्याच वर्षी फ्लोरिडाने कायदा बदलला. तीन मजले नि त्याहून उंच जुन्या इमारतींची तपासणी सक्तीची झाली, आणि छत, जलरोधन, मुख्य सांगाडा अशा गोष्टींसाठीचा राखीव निधी मतदान करून टाळण्याची वाट बंद केली गेली. मासिक हप्ते वाढले, अनेक वृद्धांना घरं विकावी लागली, तक्रारी आजही चालू आहेत. तरी आपल्या उपविधींतलं ते 'किमान' पाहता, निधी टाळण्याचा हक्कच काढून घेणं ही कल्पना मला आपल्याकडे तपासून पाहण्यासारखी वाटते.

आतापर्यंत मी सभासदांबद्दल बोललो. पण सोसायटीच्या हयगयीची किंमत पुष्कळदा सभेला ज्यांना आमंत्रणच नसतं अशांना मोजावी लागते. २९ जून २०१९ ला, मध्यरात्र उलटून गेल्यावर, पुण्यात कोंढव्यातल्या एका गृहसंकुलाची संरक्षक भिंत पलीकडच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. पलीकडे बांधकाम चालू होतं, वरून मुसळधार पाऊस. पंधरा माणसं गेली, बहुतेक बिहारमधून पोटासाठी आलेली, त्यांत लहान मुलंही. जबाबदारी कोणाची हा न्यायालयाचा विषय. मी त्यानंतर आमच्या मागच्या भिंतीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. आमची बाजू उंच, पलीकडची सखल, म्हणजे ती नुसती आडोशाची भिंत नव्हे, मातीचा भार धरणारी. अशा भिंतीला मागचं पाणी निघून जायला भोकं ठेवलेली असतात. आमच्या भिंतीची भोकं कोणीतरी उंदीर येतात म्हणून सिमेंटने बुजवली होती आणि वरून रंग मारला होता. सभेच्या ठरावाने. मी शोधून काढलं, २००४ सालचा ठराव, सूचक-अनुमोदकांच्या सह्यांसकट.

तसंच ड्रेनेजचं. पावसाआधी चेंबर आणि सेप्टिक टँक उपसायचे असतात, आणि स्वस्तात कोणीतरी दोन माणसं आणून देतो. संरक्षक साधनांशिवाय माणसाला आत उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. गोवंडीत डिसेंबर २०१९ मध्ये एका खासगी सोसायटीची टाकी साफ करताना तिघं गेले. त्यांच्या विधवांना प्रत्येकी दहा लाख द्यायला मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सरकारला सांगितलं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई ३० लाखांवर नेली. यंत्राच्या गाडीला दोन-चार हजार जास्त पडतात म्हणून समितीत होणारी घासाघीस ऐकली की मला खुर्चीवरून उठावंसं वाटतं, आणि एकदा मी उठलोही होतो.

झाडांचं थोडक्यात. १९७५च्या कायद्यामुळे आवारातलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही, फांद्या छाटायच्या तर पालिकेच्या उद्यान खात्याकडे अर्ज करायचा आणि खर्च आपण सोसायचा. अर्ज फेब्रुवारीत करावा. मेमध्ये सगळं शहर एकदम अर्ज करतं.

पाण्याचं मात्र एक मजेदार चक्र आहे. उन्हाळ्यात धरणं तळाला गेली की कपात, मग टँकर, मग टँकरच्या पाण्याबरोबर आलेला गाळ टाकीच्या तळाशी. टाकी धुवायची ती पावसाआधी, आणि झाकण घट्ट बसवायचं ते डासांसाठी. मुंबईच्या हिवतापाचा डास स्वच्छ पाण्यातला, विहिरी नि टाक्यांतला. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी शहरातल्या विहिरींवर बोट ठेवलं तेव्हा मोठा गहजब झाला होता. आज विहिरी बुजल्या आणि टाक्या वर चढल्या, डासही वर चढला. डेंगीचा डास तर कुंडीखालच्या बशीत नि फ्रिजमागच्या ट्रेमध्येही भागवतो. आमच्या सोसायटीला पालिकेची पहिली नोटीस आली ती कशावरून? गच्चीची गळती रोखायला अंथरलेल्या ताडपत्रीच्या घडीत साचलेल्या पाण्यात अळ्या सापडल्या त्यावरून.

बाकीचं यादीत उरकता येईल असं. अग्निशमन यंत्रणा ठीक असल्याचा 'नमुना ब' दाखला वर्षातून दोनदा, जानेवारी नि जुलैत. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी भरतं का ते पहिल्या पावसात पाहणं. पर्जन्यजल संधारणाच्या खड्ड्यातली वाळू-खडी धुणं, जी बहुतेक ठिकाणी खड्डा खणल्यापासून धुतलेली नसते. तळमजल्यावरचे वीजमीटर वर उचलणं, ज्याचं महत्त्व २६ जुलै २००५ ला ९४४ मिलिमीटर पाऊस पाहिलेल्यांना सांगावं लागत नाही.

वेळापत्रकाचं आम्ही काय केलं ते सांगतो. एक वही केली. जुलैच्या दुसऱ्या रविवारी, म्हणजे ओल पुरती बाहेर आल्यावर, समितीतले दोघं सगळ्या २८ घरांत जातात. ओल कुठवर आली तिथे पेन्सिलीने रेघ आणि तारीख. एक फोटो. वहीत नोंद: घर, खोली, भिंत, गच्चीची की पाइपाची की वरच्या घराची, निदान अंदाज. ऑगस्टमध्ये या नोंदी अभियंत्याला दाखवून कामाचं एकच वर्णन तयार होतं आणि तेच सगळ्या ठेकेदारांना जातं. त्यामुळे सप्टेंबरच्या सभेत ठरावाबरोबर आकडाही असतो. हप्ते ऑक्टोबरपासून, छत ओलं असल्याची आठवण ताजी असतानाच. काम नोव्हेंबरात. हे बसायला तीन वर्षं गेली. पहिल्या वर्षी निम्म्या घरांनी दार उघडलं नाही, दुसऱ्या वर्षी लोक स्वतःच ओल दाखवायला बोलवू लागले, काही तर नसलेलीही. तिसऱ्या नोव्हेंबरात गच्ची झाली, पाणी साठवून तीन दिवस ठेवलं, चौथ्या मजल्याच्या चारही घरांतून 'कोरडं' असा निरोप आला.

गेल्या जुलैत फेरीला निघालो तेव्हा वरची घरं पाच मिनिटांत झाली. तळमजल्यावर मात्र जिन्यालगतच्या खोलीत गुडघाभर उंचीपर्यंत भिंत ओली. खोली त्याच माणसाची, ज्याने आयुष्यभर सभेत रंगाच्या बाजूने हात वर केला. जिन्याखालच्या ड्रेनेजच्या चेंबरला चीर गेली होती. सप्टेंबरच्या सभेत मी विषय मांडला, तर चौथ्या मजल्यावरचे, ज्यांच्या डोक्यावरची गच्ची सगळ्यांच्या पैशाने नुकतीच झाली होती ते गृहस्थ उठून म्हणाले, "तळमजल्याची भिंत आहे ना ती? मग हे सोसायटीकडे कसं काय येतं?"

मी उपविधींचं पान काढून वाचून दाखवलं. मग वही उघडली नि त्यांच्यादेखत लिहिलं: जिन्याखाली, ड्रेनेज चेंबर, सोसायटीचं.